कार्डशीटची काळी-पिवळी: बाबांच्या साठीसाठी बनवलेली फियाट

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. बोलताना मी बऱ्याच ठिकाणी "हे बघा, एवढं" असं म्हणालोय, आणि ते ऐकून कुणालाच काही कळणार नाही. म्हणून तिथे मापं लिहिली आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून बसमध्ये उभे असाल तर एक सांगतो, आजचा एपिसोड हाताने करायचा आहे. आज ऐकून घ्या आणि घरी गेल्यावर हा मजकूर समोर ठेवून काम करा.

आज आपण कार्डशीटची गाडी बनवणार आहोत. शोभेची, शोकेसमध्ये ठेवायची. चाकं फिरत नाहीत, दारं उघडत नाहीत. पण ज्याला द्यायची आहे त्याने लांबूनच ओळखलं पाहिजे की ही *ती* गाडी आहे. माझ्यासाठी ती गाडी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी, जिला टॅक्सीवाले आणि आमच्या घरचे सगळे फियाटच म्हणतात.

कारण सांगतो. माझे बाबा टॅक्सी चालवायचे. त्यांनी त्यांची फियाट १९९८ साली घेतली, म्हणजे ती माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे २०१८ मध्ये ती भंगारात गेली. मी तेव्हा बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो, हॉस्टेलवर. आईने फोन केला, "उद्या गाडी नेतायत, येतोस का?" मी म्हटलं सबमिशन आहे. होतंही सबमिशन, पण एका दिवसासाठी जाता आलं असतं. बाबा त्यावर कधीच काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी दुसऱ्याची गाडी शिफ्टवर चालवली, मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि ते घरी बसले. या वर्षी त्यांची साठी होती. मी आईला म्हटलं, फियाटचे सगळे फोटो मला पाठव.

वीस वर्षांत गाडीचा एकही पूर्ण फोटो नव्हता. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो आहे, त्यात मागे अर्धं बॉनेट. आत्याच्या लग्नात हार घातलेली नुसती डिकी. दसऱ्याचा एक फोटो आहे, झेंडूची माळ आणि तिच्यामागे एक हेडलाइट. म्हणजे गाडी प्रत्येक फोटोत आहे, पण कुणीतरी तिच्यापुढे उभं आहे.

आता गाडीबद्दल थोडंसं, कारण मापं तिथूनच येतात. ही मूळची इटलीची फियाट अकराशे. आपल्याकडे १९६४ मध्ये ती फियाट अकराशे डिलाइट म्हणून आली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची, आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत पासिंग झाली होती. वीस वर्षं मोजा, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे नाही. तुमच्यातल्या कॉलेजवाल्यांना ती आठवत असेल तर शाळेतल्या दिवसांचीच.

खरी गाडी साधारण ३.९३ मीटर लांब, १.४६ मीटर रुंद, आणि उंचीही जवळपास रुंदीएवढीच. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर २.३४ मीटर. मी प्रमाण घेतलं एकास वीस. का? तर हिशेब तोंडी होतो. खरे २० सेंटीमीटर म्हणजे आपला १ सेंटीमीटर. गाडी येते १९.६ सेंटीमीटर लांब, ७.३ रुंद, चाकं धरून ७.३ उंच, आणि दोन चाकांमधलं अंतर ११.७. म्हणजे मोबाइलपेक्षा थोडी लांब. यापेक्षा लहान केलीत तर बोटं आत जात नाहीत. मोठी केलीत तर कार्डशीट मध्येच ढिली पडते.

ज्या गाडीचं चित्र मिळत नाही तिच्यासाठी एक युक्ती. बाजूने काढलेला कुठलाही फोटो घ्या, ज्यात दोन्ही चाकं दिसतात. दोन चाकांमधलं अंतर नेटवर मिळतं. फोटोत तेच अंतर पट्टीने मोजा, गुणोत्तर काढा, की दाराची उंची, खिडकीची रुंदी, सगळं मोजता येतं. फोटो तिरका असेल तर हे चालत नाही, उगाच ओढाताण करू नका. माझ्याकडे तसा फोटो नव्हताच, म्हणून मी नेटवरून इटालियन फियाट अकराशेचं तीन बाजूंचं रेखाचित्र घेतलं. या वाक्याकडे नंतर परत येऊ. मी त्यात तोंडावर आपटलोय.

सामान काय लागतं? काळी आणि पिवळी कार्डशीट, २५० ते ३०० जीएसएमची. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. झेरॉक्सचा साधा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. तळासाठी माउंटबोर्ड, तो फ्रेमवाल्याकडे कापून उरलेले तुकडे मागितले तर मिळतो. कटर, स्टीलची पट्टी, फेविकॉल, टूथपिक, कपड्यांचे चिमटे, संपलेलं बॉलपेन, काळं मार्कर, चंदेरी जेलपेन. आणि नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी असते ना, ती. त्याच्या काचा होतात. माझा सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला.

रंगीत कार्डशीटच घ्या, पांढरी घेऊन रंगवू नका. पोस्टर कलरमध्ये पाणी असतं, कागद एका बाजूने पाणी पितो आणि पापडासारखा वळतो.

आता मुद्द्याचं. या एपिसोडमधलं एवढं एक लक्षात राहिलं तरी चालेल: कागद वाकतो, पण ताणला जात नाही.

चणेवाला कागदाचा पुडा करतो तो आठवा. सपाट कागद, एक वळसा, शंकूचा पुडा तयार. कुठे सुरकुती नाही. आता तोच कागद नारळावर गुंडाळा. जमणारच नाही. कितीही हळू गुंडाळा, चुण्या पडणार. पुडा एका वेळी एकाच दिशेने वळलेला असतो, नारळ दोन्ही दिशांनी. सपाट कागद न फाडता, न चुरगाळता दुहेरी गोलाई घेऊ शकत नाही. हे गाउस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध केलं, आणि म्हणूनच पृथ्वीचा सपाट नकाशा कुठे ना कुठे खोटं बोलतोच. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ग्राफिक्समध्ये 'डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेस' असतं, आठवतंय? शंकू उलगडा, नळकांडं उलगडा. मी ते मित्राच्या शीटवरून उतरवून काढलं होतं. दहा वर्षांनी त्याचं व्याज भरलं.

आता गोची अशी की फियाट म्हणजे नुसती दुहेरी गोलाई. आजच्या गाड्यांसारखी धारदार नाही ती. बॉनेट पुढेही उतरतं आणि बाजूंनाही. छत चारही बाजूंनी गोल. खऱ्या कारखान्यात पत्रा साच्यात दाबून ताणतात, म्हणून तो कसाही गोल होतो. आपल्याकडे साचा नाही आणि कागद ताणत नाही. मग ठरवावं लागतं की कुठली गोलाई ठेवायची आणि कुठली सोडायची.

माझं पहिलं व्हर्जन फसलं ते इथेच. मी सगळंच गोल करायला गेलो. कागद ओला करून बघितला, चमच्याच्या पाठीने घासून बघितला, बॉनेटला बारा चिरा दिल्या. झालं काय, तर गाडी अपघातातून आल्यासारखी दिसायला लागली. चार रात्री वाया. मग मी डोळे मिटून विचार केला की मला फियाट कशावरून आठवते. चार गोष्टी आल्या: मागच्या बाजूला दिव्यांवर उठलेले छोटे पंख, पुढचे दोन गोल दिवे, पिवळं छत, आणि डाव्या बाजूला बाहेर लावलेला मीटर. बॉनेटची बाजूची गोलाई त्या यादीत नव्हतीच. मग ती सोडून दिली.

तुम्हीही हेच करा. आजोबांची राजदूत असो, काकांचा टेम्पो असो, आधी डोळे मिटून चार गोष्टी काढा. त्या अचूक करा. बाकीच्या ठिकाणी कागद म्हणेल तसं.

चला, कापायला घेऊ.

आधी कागदाची दिशा बघायची. कागद मशीनवर बनतो तेव्हा त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने झोपतात. त्या दिशेला समांतर अशी घडी सहज आणि स्वच्छ पडते, आडवी घातली तर कड तडकते. ओळखायचं कसं? शीटमधून दोन सारख्या पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. दोन्ही टेबलाच्या कडेवरून बाहेर धरा. जी जास्त झुकते तिच्यात तंतू पट्टीच्या आडवे गेलेत. जी ताठ राहते तिच्यात लांबीच्या दिशेने. बॉनेट पुढे वळतं, म्हणजे त्याच्या वळणाची रेष गाडीच्या रुंदीत आहे, म्हणून बॉनेटच्या तुकड्यात तंतू रुंदीच्या दिशेने हवेत. दोन मिनिटांचं काम आहे, पण हे केलं नाही तर पुढचे दोन तास कागदाशी भांडत बसाल.

तळ: माउंटबोर्ड, १९ बाय ६.८ सेंटीमीटर. त्यावर चाकांच्या जागा पेन्सिलने आखून ठेवा.

बाजू: काळ्या कार्डशीटचे दोन तुकडे, लांबी १९.६, उंची साधारण ३.८. खिडक्यांच्या खालचा सगळा भाग यात येतो. वरची कड पुढून बॉनेटच्या उताराची, मध्ये सरळ, आणि मागे पंखाचं टोक हलकंसं वर. चाकांच्या कमानी ३.४ सेंटीमीटर व्यासाच्या. दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या हव्यात, हे विसरू नका. कार्डशीटची एकच बाजू रंगीत असेल तर दोन सारखे तुकडे कापून चालत नाही, एक उलटा आखावा लागतो. मी दोन डाव्या बाजू कापल्या होत्या. (हसतो.) बीटेक!

वरच्या आणि खालच्या कडेला चिकटवायला ५ मिलिमीटरची जीभ ठेवा. जिथे कड वळते तिथे या जिभेला करवतीच्या दातांसारखे त्रिकोणी काप द्या, म्हणजे ती वळणावर चुणी न पडता बसते.

घडी घालण्याआधी संपलेल्या बॉलपेनने पट्टीला धरून रेघ दाबून घ्या. कागद तिथे दबतो आणि घडी तिथेच पडते. कटरने अर्धवट चीर देणारेही आहेत, पण काळ्या कागदात त्या चिरेतून आतला पांढरा रंग डोकावतो. बॉलपेनच बरं. आणि कापताना एका दमात जोर लावू नका, हलक्या हाताने तीनदा फिरवा. पट्टीवरून घसरलेला कटर कुठे जातो हे माझ्या डाव्या अंगठ्याला विचारा.

बरगड्या: नुसत्या बाजू उभ्या केल्या तर त्या आत पडतात. म्हणून तळावर आडवे पडदे उभे करायचे, पाच. नाकाशी एक, पुढच्या चाकामागे एक, मध्ये एक, मागच्या सीटमागे एक, शेपटीला एक. रुंदी ६.८, कारण दोन्ही बाजूंच्या कागदाची जाडी आणि फेविकॉल धरावा लागतो. मधला पडदा 'यू'च्या आकाराचा कापा, नाहीतर सीटला जागा राहत नाही. या बरगड्यांवर गाडीचा आकार ठरतो. त्या तिरक्या बसल्या तर वरून कितीही नीट काम करा, गाडी एका बाजूला झुकलेलीच दिसणार.

फेविकॉल टूथपिकने लावा, अगदी पातळ. दाबल्यावर बाहेर आला म्हणजे जास्त झाला. चिमटा लावून ठेवा आणि मोबाइल बघा. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ लागतो.

बॉनेट: इथे दुहेरी गोलाईशी तह करायचा. एक मोठा तुकडा न घेता तीन लांबट पट्ट्या घ्या, मधली रुंद आणि दोन्हीकडे मडगार्डची अरुंद. प्रत्येक पट्टी फक्त पुढच्या दिशेने वळवायची, पेन्सिलवर हळू हळू फिरवून. तिन्ही शेजारी थोड्या वेगळ्या कोनात बसवल्या की लांबून बॉनेट बाजूंनाही गोल वाटतं. शहाळ्यावर नारळाच्या झावळीची पानं शेजारी शेजारी लावल्यासारखं. प्रत्येक पान एकाच दिशेने वळलेलं, पण सगळी मिळून गोल.

केबिन: पिवळी कार्डशीट. खिडक्या घडी घालण्याआधीच कापून घ्या, नंतर सपाट कापायला आधार मिळत नाही. खांब ३ मिलिमीटरपेक्षा बारीक करू नका. आतून शर्टाच्या कॉलरचं प्लॅस्टिक चिकटवा. इथे फेविकॉल धरत नाही, पातळ दुहेरी टेप वापरा. छताच्या चारही कोपऱ्यांना इंग्रजी 'व्ही'सारखा एकेक काप द्या, कडा जवळ ओढा आणि आतून झेरॉक्सच्या कागदाची पट्टी लावून जोडा. शिंपी ब्लाउजला टक्स घालतो तेच हे. तोसुद्धा सपाट कापडातून गोल आकारच काढत असतो.

आणि ऐका, हे महत्त्वाचं: छत शेवटपर्यंत चिकटवू नका. नुसतं ठेवा. का ते कळेलच.

चाकं: खरं चाक टायरसकट सुमारे ६० सेंटीमीटरचं, म्हणजे आपलं ३ चं. पाण्याच्या बाटलीचं झाकण जवळपास तेवढंच असतं. मी झाकणांभोवती काळ्या कागदाची पट्टी गुंडाळली आणि पुढून चंदेरी गोल चिकटवला. माउंटबोर्डच्या चकत्या एकावर एक लावूनही होतात, पण चार सारखे गोल हाताने कापणं ही शिक्षा आहे. झाकणं घ्या.

दिवे: कागद जे करू शकत नाही ते इथे लागतं, छोटा पारदर्शक घुमट. गोळ्यांचं रिकामं पारदर्शक पाकीट घ्या, त्यातला एकेक फुगा कापा. साधारण ९ मिलिमीटरचा असतो, प्रमाणात बरोबर बसतो. ते प्लॅस्टिक गरम करून ताणलेलं असतं, म्हणून त्याला दुहेरी गोलाई जमते. मागे चंदेरी कागद लावला की हेडलाइट तयार. आईने मला पाठवलेलं पाकीट बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं होतं. बाबांनी विचारलं, "रिकामं पाकीट कुरिअरने?" आई म्हणाली, "त्याला नाव बघायचंय गोळीचं." बाबा म्हणाले, "मग फोटो पाठव की!" आई गप्प. कशीबशी वेळ मारून नेली.

आता दोन गोष्टी, ज्यांनी गाडी एकदम टॅक्सी होते. पहिली, कॅरिअर. सीएनजी आल्यावर डिकीत सिलेंडर बसला, मग गावाला जाणाऱ्यांच्या बॅगा, गोणी सगळं छतावर. उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या कापून जाळी करा. दुसरी, मीटर. डाव्या बाजूला पुढच्या काचेपाशी, बाहेर. ८ मिलिमीटरची छोटी डबी, तिच्यावर एक झेंडा. भाडं बसलं की ड्रायव्हर डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून तो झेंडा खाली पाडायचा, म्हणून मीटर डाऊन.

आणि कापलेल्या प्रत्येक कडेवरून, चिकटवण्याआधी, काळं मार्कर फिरवा. काळ्या कागदाची कापलेली कड पांढरट दिसते आणि तीच आधी डोळ्यात भरते. अर्ध्या तासाचं कंटाळवाणं काम आहे. हौशी आणि नीट कामातला फरक मात्र बहुतेक याच अर्ध्या तासात पडतो.

तळाच्या आत दहा रुपयांची चार-पाच नाणी चिकटवा. नाहीतर पंखा लावला की तुमची भेटवस्तू सोफ्याखाली.

तर अशी ती गाडी तयार झाली, तीन आठवड्यांत, रोज रात्री ऑफिसचं काम संपल्यावर. आत सीट केल्या, डॅशबोर्ड केला, स्टिअरिंग केलं. आणि आदल्या रात्री, खूश होऊन, छत चिकटवून टाकलं. पुण्याहून मुंबईपर्यंत बुटाच्या खोक्यात मांडीवर ठेवून आणली.

बाबांनी खोकं उघडलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा लावला, गाडी तळहातावर घेतली, खिडकीकडे नेली. पंखांवरून बोट फिरवलं. मागचा बंपर बघितला. मग पुढच्या काचेतून आत डोकावले आणि म्हणाले, "ही कुणाची गाडी?"

मी म्हटलं, "कुणाची म्हणजे? आपली."

"आपलं स्टिअरिंग डावीकडे होतं?"

इटालियन रेखाचित्र! तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे. रात्री दीड वाजता नेटवरून कॉपी-पेस्ट करणारा माणूस ते बघत नाही. मी आयुष्यभर ज्या गाडीत बाबांच्या डावीकडे बसलो, तिच्यात मी त्यांना माझ्या जागेवर बसवलं होतं. मीटर फोटोवरून घेतला होता, तो बरोबर डावीकडे. म्हणजे दोन्ही एकाच बाजूला.

बाबा म्हणाले, "बरं आहे की. मीटर टाकायला वाकावं लागणार नाही. वीस वर्षं वाकून वाकून इकडची बाजू गेली माझी." आणि त्यांनी उजव्या कमरेवर हात ठेवला. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं कंबर ट्रॅफिकमुळे दुखते.

मग ते सुरूच झाले. मागची सीट अशी सरळ नव्हती, मध्ये दबलेली होती, कारण तिथे स्प्रिंग तुटली होती. डॅशबोर्डवर गणपती होता, तो मी ठेवलाच नव्हता. डाव्या पुढच्या दाराचं हँडल दुसऱ्या गाडीचं बसवलेलं, म्हणून थोडं लांब. यातलं एकही फोटोत नव्हतं आणि मी सरप्राइजच्या नादात एकही प्रश्न विचारला नव्हता. गाडी नेली त्या दिवशी हँडल आणि गणपती त्यांनी काढून घेतले होते, तेही तेव्हाच कळलं. गणपती आमच्या देवघरात आहे. मी त्याला सात वर्षं नमस्कार करतोय.

म्हणून सांगतो, सरप्राइज द्यायचं असलं तरी त्या माणसाला आधी बोलतं करा. गाडीचं नाव न काढता विचारता येतं. "बाबा, तुम्ही पावसात काच कशी पुसायचा?" एवढं पुरतं, पुढचं ते स्वतः सांगतात.

दुरुस्तीचं सांगून थांबतो. चिकटलेलं छत काढायला ओल्या कापसाने जोड फक्त ओलसर करायचा, दहा मिनिटं थांबायचं, साधा फेविकॉल पाण्याने मऊ होतो. मग कटरचं पातं आडवं सरकवायचं. पिवळ्या कागदाला एका कोपऱ्यात डाग पडला, तो पडतोच. हे काम बाबांनी केलं, माझा हात थरथरत होता. डॅशबोर्ड सोडवला, स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. मागच्या सीटवर अंगठ्याने दाबून त्यांनी तो खळगा पाडला. गणपतीच्या जागी कुंकवाचा ठिपका दिला, एकास वीसमध्ये तेवढाच होतो. छत आता नुसतं ठेवलंय, चिकटवलेलं नाही. आला-गेला पाहुणा आला की ते उचलून आत दाखवतात.

नंबर प्लेट मी मुद्दाम कोरी नेली होती, अक्षर खराब म्हणून. ती बाबांनी टूथपिक आणि काळ्या शाईने लिहिली. नंबर मला विचारावा लागला नाही, त्यांनाही आठवावा लागला नाही.

टेम्प्लेटमध्ये स्टिअरिंग उजवीकडे घेतलंय, दोन्ही बाजू आरशातल्या केल्या आहेत आणि जिभा आखल्या आहेत. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर मापं बदलतात. आधी साध्या कागदावर एक प्रिंट काढून दोन चाकांमधलं अंतर पट्टीने मोजा, ११.७ आलं तरच कार्डशीट आणायला जा. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.